अकरा फ्रॉक

तिला गल्लीत सगळे टाचणी म्हणत. तोंडात चार टाचण्या धरूनच ती गिऱ्हाइकाशी बोलायची, म्हणून. लहान मुलांचे कपडे शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि देवाची करणी बघा, तिच्याच घरी पंधरा वर्षांत पाळणा हलला नव्हता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "जगाला वर पोचवतो, पण देवाकडे माझाच नंबर लागत नाही," असं हसत हसत म्हणायचा.

शेवटी परदेशातल्या एका अनाथाश्रमातली मुलगी दत्तक घ्यायचं दोघांनी ठरवलं. तीन वर्षं नुसत्या सह्या चालल्या. मग एक दिवस दत्तक कार्यालयातून पाकीट आलं. आत एक फोटो आणि एक तक्ता. वय चार वर्षं आठ महिने, उंची शहाण्णव सेंटिमीटर. फोटोत अकरा मुली भिंतीला पाठ लावून उभ्या. डावीकडून चौथी यांची.

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि जाहीर केलं, "नाक अगदी माझ्यावर गेलंय."

टाचणीने पाहिले खांदे. "अहो, हा झगा हिचा नाहीच. खांद्याची शिवण दंडावर उतरलीय. दुसरीचा काढून हिला घातलाय."

"मग शिव की एक," सासूबाई म्हणाल्या.

"एक कसा? एकीलाच नवा आला तर बाकीच्या दहाजणी तिच्या तोंडाकडे बघत बसतील. माझ्याच्याने नाही व्हायचा असा पंक्तिप्रपंच."

मुलीची उंची कागदावर होतीच. तिच्यावरून फूटपट्टी लावून तिने उरलेल्या दहाजणींची मापं काढली. कोण जाडी, कोणाचा एक खांदा वर, सगळं त्या वीतभर फोटोतून. सतरा दिवसांत अकरा फ्रॉक झाले. पिवळे, निळे, एकही एकासारखा नाही. प्रत्येक फ्रॉकला दोन खिसे, कारण खिशाशिवाय मूल म्हणजे काय! पार्सल रवाना झालं आणि टाचणी देवासमोर हात जोडून म्हणाली, "बाबा, आता तूच पोचव."

त्याने पोचवलं. तिथेच सगळं बिघडलं.

महिन्याभरात कार्यालयातल्या मॅडमनी दोघांना बोलावून घेतलं. टेबलावर एकीकडे यांची फाईल, दुसरीकडे दोन कोरे अर्ज.

"तुम्ही आश्रमाला कपडे पाठवलेत?"

"हो. बसले का नीट?" टाचणी खुर्चीत पुढे सरकली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, निर्णय होण्याआधी आश्रमाला सुतळीचा तोडासुद्धा द्यायचा नसतो. तुम्ही सही केलेल्या कागदांत होतं ते. तिकडच्या कायद्यात ही लाच धरतात."

"फ्रॉकची लाच?" नवरा हसला. "बारावा असता तर मीच घातला असता, मॅडम." कोणी हसलं नाही, तेव्हा तोही थांबला.

"आणि एकच पाठवला असता तर?" टाचणीने विचारलं.

"तर मुलीला भेट म्हणून चाललं असतं कदाचित. अकरा म्हणजे संस्थेला देणगी."

टाचणीला पुढचं काही वेळ ऐकूच आलं नाही.

मॅडम जीव तोडून समजावत होत्या. पहिला अर्ज चौकशीचा. चौकशी वर्षभर चालणार, निकाल कसाही लागेल. तोवर मुलगी तिथेच अडकून राहणार, दुसऱ्या कोणालाही देता येणार नाही. पाच पूर्ण झाली की मोठ्या मुलांच्या इमारतीत जाईल. "आणि तिथून मुलं फारशी कोणी नेत नाही," हे मॅडमनी खाली बघून सांगितलं. दुसरा अर्ज माघारीचा. यांच्या मागच्या नंबरावर एक जोडपं तयार होतं. आज सही झाली तर पुढच्या महिन्यात ते तिला घेऊन जातील.

"माणसं कशी आहेत?"

"ते सांगता येत नाही, ताई."

"फ्रॉक तरी घातले का पोरींनी?"

"नाही. सीलबंद ठेवलेत. पुरावा आहे तो."

"आम्ही माघार घेतल्यावर वाटतील?"

"ते माझ्या हातात नाही."

कोणाच्याच हातात काही नव्हतं. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं," आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. चौकशीत निर्दोष ठरू, असं त्याला म्हणायचं होतं. पण वर्षभर फोटोतल्या त्या भिंतीशी चौथ्या नंबरावर उभी असलेली ती पोर त्यालाही दिसत होती. टाचणीने मनात देवाला हाक मारली. नेहमी काहीतरी सुचायचं. आज समोरचे दोन अर्जच दिसत होते.

तिने माघारीचा अर्ज ओढला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. 'कारण' या रकान्यात मॅडमनी सांगितलं ते 'वैयक्तिक' लिहिलं. पुढच्या रकान्यावर पेन थांबलं.

"मुलीशी नातं," तिने वाचलं. "इथे काय लिहू?"

"'नाही' लिहा."

"नुसतं 'नाही'?"

"रकाना कोरा राहिला तर अर्ज परत येतो, ताई. मग आणखी एक महिना जातो. तिचाच."

टाचणीने नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून खिडकीकडेच बघत होता, नि त्याची पाठ हलत होती. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि जपून, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही'.