रिकाम्या घराचा रिपोर्ट

आमच्या धायरीच्या सोसायटीत दर शनिवारी सकाळी क्लबहाउसमध्ये पंधरावीस मुलं जमतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला करमेना, म्हणून मी हे सुरू केलं. महिन्यातून एकदा कुणातरी कामाच्या माणसाला बोलवायचं आणि त्याचं काम त्याच्याच तोंडून मुलांना ऐकवायचं, एवढाच बेत. एकदा सुतार आला होता, एकदा बसच्या कंडक्टर बाई आल्या होत्या. मार्चमधल्या त्या शनिवारी सुदर्शन आला.

सुदर्शन हडपसरच्या शाळेतला माझा जुना विद्यार्थी. नवा फ्लॅट ताब्यात घेण्याआधी तो गिऱ्हाइकाच्या वतीनं तपासून द्यायचा, असं त्याचं काम. भिंतीत ओल आहे का, फरशीचा उतार बरोबर आहे का, नळ गळतो का, सगळं बघून तो लेखी रिपोर्ट देतो. आमच्या इमारतीतलेही चारपाच फ्लॅट त्यानंच तपासले होते.

मुलांनी आधी त्याची पिशवी रिकामी केली. ओल मोजायचं यंत्र निघालं, लांबूनच भिंत किती तापली आहे ते सांगणारं पिस्तुलासारखं दुसरं यंत्र निघालं आणि उतार बघायची काचेची गोटी निघाली. गोटी सर्वांत जास्त आवडली. उन्हं नुकती तापायला लागली होती आणि घरोघरी एसी सुरू झाले होते, त्यामुळे प्रश्न तिकडेच वळले. एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, कचऱ्याच्या गाडीसारखा, असं सुदर्शननं सांगितलं. मुलांना ते पटेना. मी सगळ्यांना हाताची मागची बाजू ओली करून तिच्यावर फुंकर मारायला लावली. उडून जाणारं पाणी हाताची उष्णता नेतं म्हणून गार लागलं, तेव्हा पटलं. मग त्यानं आपल्या गिऱ्हाइकांना सांगतो तेच सांगितलं, की थंड हवा फटीफटीतून पळून जाते, म्हणून फटी बुजवायच्या.

नऊ वर्षांच्या सोनूनं विचारलं की एसी बाहेरची हवा आत आणतो की नाही. सुदर्शन म्हणाला, नाही, आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

“म्हणजे शिळी हवा,” सोनू म्हणाला, आणि सगळे हसले.

सातव्या मजल्यावरची उत्कर्षा हसली नाही. ती पाचवीत आहे. ती म्हणाली, “म्हणून माझ्या आजीला चक्कर येते का?”

सुदर्शन हसत हसत एसीनं चक्कर येत नाही असं सांगायला लागला होता. मी त्याला थांबवलं आणि चक्कर कधी येते ते विचारलं. अंघोळ करून आली की येते, उत्कर्षा म्हणाली. मग डोकं दुखतं, मळमळतं. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवून दिली आहे. आणि पुण्याची हवा आजीला मानवत नाही म्हणून उद्या बाबा तिला वर्ध्याला सोडायला जाणार आहेत.

हे मला निम्मं माहीत होतं. तिची आजी, वेणूबाई, मला लिफ्टमध्ये दोनदा म्हणाल्या होत्या की आताशा गरगरतं. मी त्यांना लिंबाचं सरबत घ्यायला सांगितलं होतं. अंघोळीनंतर का, असं विचारायचं मला सुचलं नव्हतं.

सुदर्शननं पाणी कशावर तापवता ते विचारलं.

“गॅसगीझरवर. बाथरूममध्येच आहे.”

“आणि बाथरूमला खिडकी?”

“झडपा होत्या. बाबांनी त्यांच्यावर काच चिकटवली, पंख्याचं भोकसुद्धा बंद केलं. बेडरूममधल्या एसीची हवा जाते ना तिथून. रिपोर्टमध्येच लिहिलंय तसं.”

सुदर्शननं हातातलं यंत्र टेबलावर ठेवलं. त्यानं फ्लॅटचा नंबर विचारला. बी सातशे चार. मग त्यानं तिला विचारलं, आजीची अंघोळ झाली का.

“मी खाली आले तेव्हा तेल लावत होती.”

तो जिन्याकडे पळाला. लिफ्टची वाटसुद्धा त्यानं पाहिली नाही. मोठ्या मुलांना गोटीनं फरशीचा उतार शोधायला सांगून मी उत्कर्षाला घेऊन लिफ्टनं वर गेलो. आम्ही पोचलो तेव्हा उत्कर्षाची आई नम्रता कानाला हेडफोन लावलेल्या अवस्थेत दारात उभी होती, आणि एक अनोळखी माणूस आपल्या बेडरूममध्ये का शिरला हे तिला कळत नव्हतं. सुदर्शन बाथरूमचं दार वाजवत होता. आत पाण्याचा आवाज येत होता. त्यानं हाक मारली, पुन्हा वाजवलं. नम्रतानं हेडफोन काढला आणि तीही हाका मारायला लागली.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, “कोन हाय बाप्पा?”

वेणूबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. लुगडं कसंबसं गुंडाळलेलं होतं, चेहरा लाल होता. पलंगापर्यंत जायचं सोडून त्या मधेच खाली बसल्या. आम्ही त्यांना धरून गॅलरीत नेलं. सुदर्शननं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

मोकळ्या हवेत बसल्यावर त्या बोलायला लागल्या. तेव्हा सुदर्शननं गरम पाण्याचा नळ चालू ठेवून बाथरूमचं दार लावलं, बाहेर थोडी वाट पाहिली, मग उघडून क्षणभर गीझरची ज्योत आम्हाला दाखवली. ती पिवळी होती, वर थरथरत होती. उत्कर्षा माझ्या शेजारी उभी होती. मी तिला सांगितलं की ज्योतीलाही आपल्यासारखी हवा लागते. हवा पुरली तर ती निळी असते. कमी पडली की ती एक विषारी वायू सोडते. त्याला वास नसतो, रंग नसतो, म्हणून आत उभ्या असलेल्या माणसाला काहीच कळत नाही. फक्त गरगरतं. मग झोप येते.

“आणि मग?” उत्कर्षानं विचारलं.

मी तिला आजीजवळ नेऊन बसवलं.

सुदर्शनला गीझर बसवणाऱ्याला दोष देता आला असता. तो बाथरूमच्या आत बसवायला नकोच होता. काच चिकटवणाऱ्या वडिलांनाही देता आला असता. तो नम्रतासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, ही काच माझ्यामुळे लागली आहे. झडपा बुजवा, हे रिपोर्टमधलं वाक्य माझं आहे.”

“हो, तुमचंच,” नम्रता म्हणाली. “एकोणतीस मुद्दे होते. दिवाळीत राहायला आलो तेव्हा वेळ झाला नाही, म्हणून गेल्या महिन्यात एसी बसवताना कागद काढून एकेक पूर्ण केला. प्रत्येकापुढे मी खूण केली. आम्ही लिहिलेलं ऐकणारी माणसं आहोत ना.”

“मी तपासलं तेव्हा इथे गीझर नव्हता.”

“तेव्हा इथे आईही नव्हत्या,” ती म्हणाली. “कुणीच नव्हतं. घर रिकामं होतं.”

त्यावर वेणूबाईच बोलल्या. संक्रांतीला त्या आल्या तेव्हा ठणठणीत होत्या. “मले वाटे, आपलं वय झालं आता. सुनेले तरास नको, म्हनून जातो म्हटलं गावाले.” मग त्यांनी सुदर्शनकडे पाहिलं. “कायले असा उभा हायेस? बस ना.”

तो बसला नाही. त्यानं एका कागदावर डॉक्टरांसाठी सगळं लिहून दिलं, बंद बाथरूम, गॅसगीझर, किती दिवसांपासून, आजची वेळ. रक्त आत्ताच तपासायला हवं, संध्याकाळपर्यंत थांबू नका, असं दोनदा बजावलं. नम्रता सासूला आणि मुलीला घेऊन निघाली. जाताना तिनं घराची किल्ली माझ्या हातात दिली. त्याच्या नाही.

सुदर्शननं चाकूनं काचेभोवतीचा सिलिकॉनचा थर कापायला घेतला. चांगला पक्का बसवला होता. काच निघाली तशी पारव्यांची पिसं आणि विष्ठेची भुकटी आत आली आणि सिंहगड रोडचा आवाज आला. त्यानं झडपा सगळ्या उघड्या करून पुसल्या, गीझरची गॅसची नळी काढून ठेवली. मग बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून मला म्हणाला की ते वाक्य त्यानं दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिहिलं. गिऱ्हाईक खूश झालं, एसी चांगला चालतो म्हणून. तेव्हापासून बेडरूमला जोडून बाथरूम असलं की तो ते वाक्य तसंच उचलून पुढच्या रिपोर्टमध्ये टाकायचा.

“किती रिपोर्टमध्ये?” मी विचारलं.

त्याला माहीत नव्हतं.

क्लबहाउसमध्ये मुलं अजून गोटी घरंगळवत होती. मी त्यांना घरी पाठवलं. सुदर्शननं लॅपटॉप उघडून ते वाक्य शोधायला घातलं. अडतीस रिपोर्ट निघाले. त्यानं आधी आपल्या कंपनीच्या मालकाला फोन केला. बोलणं लांबलं. मालकाचं म्हणणं मला नंतर कळलं. आपण रिकाम्या घराचा रिपोर्ट देतो, पुढे माणसं त्यात काय करतात याला आपण जबाबदार नाही, आणि सुदर्शननं आज कुणालाही फोन करू नये, सोमवारी वकिलांशी बोलून ठरवू. सुदर्शन म्हणाला की सोमवारच्या आत दोन अंघोळी आहेत. घरी दोन लहान मुलं आहेत त्याच्या, आणि ही नोकरी त्याला सहज मिळालेली नव्हती.

मग आम्ही कामाला लागलो. मी वहीत अडतीस नावं आणि फ्लॅटचे पत्ते लिहून काढले, हजेरीसारखे. मी नाव वाचायचं, त्यानं फोन लावायचा. बाथरूममध्ये गॅसगीझर आहे का, झडपा बंद आहेत का, असतील तर आत्ताच्या आत्ता उघडा, तोवर गीझर लावू नका. समोरून ‘कळलं’ असं उत्तर आलं की मी नावापुढे खूण करायची. काहींना वाटलं आम्ही गीझर विकतोय. कर्वेनगरहून बोलणाऱ्या एका गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आधी बंद करा, आता उघडा. पुढच्या महिन्यात भिंत पाडायला सांगणार असाल तर आत्ताच सांगा, गवंडी आलेलाच आहे.” पण झडपा उघडतो म्हणाले. मधेच नम्रताचा फोन आला. वेणूबाईंना ऑक्सिजन लावला होता. रक्तात तो वायू सापडला. एकदोन दिवस ठेवून घेतील, पण त्या बोलतायत, चहा मागतायत. सुदर्शननं डोळे पुसले आणि मला पुढचं नाव वाचायला सांगितलं.

दोन वाजेपर्यंत सदतीस खुणा झाल्या. राहिले फक्त हडपसरचे बापूराव. त्यांचा फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. सात वेळा लावला. मग सुदर्शननं बाइकची किल्ली काढली. मी मागे बसलो.

भर उन्हात तास गेला. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते एका विशीतल्या मुलानं, डोळे चोळत. बापूराव आहेत का, असं विचारल्यावर तो गोंधळला.

“ते इथे नाही राहत, काका. ते ओनर. मांजरी गावात असतात, शेतावर फोन नेत नाहीत. आम्ही चौघं रेंटनी राहतो. कॉलेज लोणी काळभोरला आहे.” त्याचं नाव विश्वजीत.

सुदर्शननं बाथरूम बघू का असं विचारलं. झडपांवर काच होती, कडेनं सुबक सिलिकॉन लावलेली. गीझर तिथेच, दाराशेजारी. विश्वजीतला रिपोर्ट असं काही असतं हे ठाऊक नव्हतं. काच आधीपासूनच होती. आम्ही त्याला सगळं सांगितलं, तसा तो हळूहळू जागा होत गेला.

“म्हणजे आम्हाला अंघोळ केली की झोप यायची ती त्यामुळे?” तो म्हणाला. “शंभू तर परवा बाथरूममध्येच पडला. आम्ही व्हिडिओ काढला त्याचा. सगळे हसलो.”

शंभू आतल्या खोलीत झोपला होता. सुदर्शननं त्याला उठवायला लावलं, उभं केलं, नाव, गाव विचारलं, आणि चौघांनीही आजच डॉक्टरकडे जायचं असं कबूल करून घेतलं. मग चाकू काढला. दुसरी काच पहिलीपेक्षा लवकर निघाली.

खाली उतरताना तो पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबला आणि पायरीवर बसला. दमला असेल असं मला वाटलं. त्यानं माझ्याकडून वही मागून घेतली आणि खुणा केलेल्या नावांवरून बोट फिरवत गेला, वरून खाली, पुन्हा वर.

“सर,” तो म्हणाला, “हे सगळे फोन मी घरमालकांना केले.”

मला समजायला थोडा वेळ लागला. सकाळपासून ज्यांनी ‘हो, बघतो’, ‘उघडतो’ म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यातले किती जण त्या घरात राहत होते हे आम्ही एकालाही विचारलं नव्हतं. मी खूण करत गेलो होतो. कर्वेनगरच्या गृहस्थांच्या नावाखालचा फ्लॅट तर वाघोलीचा होता, आणि पत्ता मीच माझ्या हातानं लिहिला होता.

मी त्याच्या शेजारी बसलो आणि वहीचं नवं पान काढलं. त्यानं पहिला नंबर लावला. वरच्या मजल्यावर मुलं एकमेकांना काहीतरी ओरडून सांगत होती. पलीकडून फोन उचलला गेला.

“मी सकाळचाच, सुदर्शन,” तो म्हणाला. “माफ करा, एक विचारायचं राहिलं. त्या घरात राहतं कोण?”