बाहेरून कडी

मी कॅप्सूल बोलतेय. गिळायची नव्हे, झोपायची. माणूस आडवा होईल, उठून बसेल, पण उभा राहू शकणार नाही, एवढाच माझा जीव. पांढऱ्या फायबरची मी. आत गादी, डोक्याशी दिवा, मोबाईल लावायची सोय, पायाशी वारा खेचणारा छोटा पंखा आणि तोंडाला सरकतं दार.

माझा जन्म भिवंडीकडच्या एका शेडमधला. साच्यावर फायबरचे थर चढवून मला घडवलं. तिथला मिस्त्री प्रत्येक कॅप्सूलच्या पाठीवर थापटी मारून म्हणायचा, "हत्ती बसला तरी तडकणार नाय." मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग ट्रकात बसून मुरबाडमार्गे मी टोकावड्याला आले. माळशेजच्या रस्त्यावर कमळाकरचा ढाबा आहे. पावसाळ्यात घाट बघायला येणारी गर्दी त्याच्याकडे जेवायची आणि निघून जायची. खोल्या बांधायच्या तर फार खर्च. म्हणून त्याने ढाब्याच्या माडीवर पत्र्याखाली आम्हाला एकावर एक रचलं. गावातली माणसं बघायला आली आणि पोट धरून हसली. "कमळ्या, कोंबड्या कधी आणतोस?"

"हसा," कमळाकर म्हणाला. "मुंबईची पोरं रांग लावतील."

खरंच लागली रांग. पाठीवर बॅगा घेऊन पोरं यायची, मला बघून खूश व्हायची, पाय लांब करून फोटो काढायची. ओले मोजे माझ्या दिव्याला टांगायची. घोरायची, फोनवर भांडायची, कुणी उशीत तोंड खुपसून रडायचं. मी सगळं ऐकलं आणि कुणाला सांगितलं नाही.

एकदा एक गिऱ्हाईक धबधब्यावर गेलं असताना त्याची बॅग चोरीला गेली. कमळाकरने मुरबाडहून कारागीर आणला आणि आमच्या प्रत्येकीच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा बसवून घेतला. पाहुणा बाहेर गेला की कुलूप लावून जाईल. किती सोयीचं! आत माणूस असतानाही ही कडी लागते, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

दीपेश माझ्याकडे पहिल्यांदा आला तो सापगावहून एसटीने, एकटा. आसनगावजवळच्या एका गोदामात तो खोकी भरायचा. फिरायचं वेड, खिसा लहान, त्यामुळे जिथे जाईल तिथे असली कॅप्सूलच शोधायचा. घरी आईवडील, भाऊ, वहिनी, त्यांचं बाळ आणि हा, सगळे दोन खोल्यांत. याचं अंथरूण स्वयंपाकघराच्या दारात. पहाटे पाण्याला उठणारा प्रत्येक जण त्याला ओलांडून जायचा.

माझ्यात शिरल्यावर त्याने दार सरकवलं, उघडलं, पुन्हा सरकवलं. मग नुसता हसत पडून राहिला. आईला फोन लावून म्हणाला, "आय गो, मला माझी खोली भेटलीय. दाराला आतून बोल्ट पन हाय."

सुट्टी मिळाली की तो यायचा आणि मलाच मागायचा. जाताना चादरीची घडी घालून ठेवायचा. आमची साफसफाई करणारी भिमी डोंगराकडच्या वाडीतून यायची. ती कमळाकरला म्हणायची, "या पोराच्या मागं मला कायच काम उरत नाय."

आणि याच पोराने आपल्या गोदामातल्या माणसांना इथे आणलं. कितीतरी दिवस तो त्यांना सांगत होता, लॉजपेक्षा स्वस्त, एसटी दारात, एकदा येऊन तर बघा. शेवटी सुपरवायझर वाल्मिक गाडी घेऊन निघाला, तेव्हा सगळे निघाले. कुणाला कुठली ड्युटी द्यायची ते वाल्मिकच्या हातात होतं, म्हणून त्याच्या विनोदाला सगळे हसायचे. शाम नावाचा एक जण तर विनोद व्हायच्या आधीच हसायचा.

दीपेशने त्यांना मला दाखवलं, एखाद्याने नवं घर दाखवावं तसं. "ही माझी," म्हणाला.

वाल्मिकने वाकून आत बघितलं. "तुझी? मग गृहप्रवेश करूया की."

दुपारी पोटभर जेवण झालं, दारूच्या बाटल्या उघडल्या. दीपेश पीत नव्हता. तो वर येऊन माझ्यात आडवा झाला आणि त्याला झोप लागली. दार त्याने अर्धं उघडंच ठेवलं होतं. आपली माणसं होती ना खाली.

वाल्मिक पाऊल न वाजवता वर आला. मागे शाम, मोबाईल समोर धरून, आणि त्याच्यामागे बाकीचे. वाल्मिकने दार सरकवलं, कडी घातली आणि बाहेर ठेवलेल्या दीपेशच्याच बॅगेला चावीसकट लटकलेलं कुलूप काढून कोयंड्यात अडकवलं. मग भिंतीवरचं बटण खाली केलं. माझा दिवा गेला, पंखा थांबला.

दीपेश जागा झाला. आधी हसला. "वाल्मिकभाऊ, उघडा ना."

"घर तुझं हाय ना? राहा घरात."

"बस झालं. उघडा ना, वाल्मिकभाऊ."

बाहेर सगळे खिदळले. मग कुणीतरी म्हणालं, चला, धुकं उतरलंय, घाटात फोटो काढून येऊ. चावी वाल्मिकच्या खिशात. जिना वाजला, गाडी सुरू झाली आणि गेली.

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. दीपेशची हाक माझ्यातच फिरून त्याच्याच कानात परत जात होती. पावसात मोबाईलची रेंज गेली होती. माझ्यातली हवा गरम झाली, मग जड झाली. ज्या दाराशी तो हौसेने खेळला होता, त्याच दारावर त्याने पाठ मागे टेकवून लाथा मारल्या. मग नखं. फायबरवर नखांचे ओरखडे उमटले, त्यात लाल धागे भरले. मी तडकायला हवं होतं. फक्त एकदा, बोटभर. पण मला मजबूत केलेलं होतं. शेवटी त्याचं अंथरूण ओलं झालं आणि तो "आय गो, आय गो" एवढंच म्हणत राहिला. मग तेही थांबलं.

भिमी धुतलेल्या चादरी घेऊन वर आली तेव्हा आतून एक टाच दारावर हलकी आपटली. "कोन हाय?" तिने कान लावला आणि चादरी टाकून खाली पळाली.

गल्ल्यावर कमळाकर होता. त्यांचं बोलणं मला जिन्यातून ऐकू आलं.

"शेठ, पोरगा कोंडलाय आत. कुलूप हाय."

"त्यांची मस्करी हाय ती. येतील नि उघडतील."

"तो बोलंना झालाय!"

"भिमे, पाहुन्यांच्या मधी पडू नको. कोयंडा तोडशील तर याद राख."

ती लाकडं फोडायचा कोयता घेऊन वर आली. तिने घाव घातले, प्रत्येक घाव माझ्या हाडापर्यंत गेला, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. कोयंडा उडाला. दीपेश तिच्या अंगावर कोसळला. तोंड निळसर, बोटं रक्ताळलेली, पँट ओली. ती त्याला वारा घालत, गालावर चापट्या मारत राहिली, "पोरा, श्वास घे रं, घे," आणि त्याने घेतला.

नेमके तेव्हाच ते परतले.

"अरे बघा, घरातच मुतला!" वाल्मिक ओरडला. शामचा मोबाईल वर आला.

भिमीने चादर ओढून दीपेशवर टाकली आणि कोयता घेऊन उभी राहिली. "तो मोबाईल खाली कर. नायतर हात खाली पडंल."

सगळे मागे सरले. पण मोबाईल चालूच होता.

दीपेश ती चादर गुंडाळून खाली गेला आणि मिळेल त्या एसटीने मुरबाडला निघून गेला. कुणी सोडायला गेलं नाही. संध्याकाळी कमळाकरने भिमीला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

"कोयंडा तोडला म्हनून?"

"पाहुन्यावर कोयता काढलास म्हनून."

"आनि पोरगा मेला असता तर?"

"मेला का? नाय ना मेला?" कमळाकर म्हणाला आणि हिशेबाच्या कागदात तोंड घातलं.

वाल्मिक आणि शामने तो व्हिडिओ सगळीकडे पाठवला. आधी गोदामात, मग शहापुरात, मग कुठे कुठे. लोकांना फार आवडला. दुसऱ्या आठवड्यापासून पोरं येऊन विचारायला लागली, "ती कॅप्सूल कुठली?" कमळाकरने नवा, जाड कोयंडा लावला, दाराला लाल रंग दिला आणि वर पाटी ठोकली: "हिंमत आहे का?" ओरखडे मात्र त्याने पुसू दिले नाहीत. पाहुणे टॉर्च मारून बघतात, त्यांत आपली नखं घालून बघतात.

दीपेश एकदा परत आला. वाळला होता. गोदामात तो दिसला की माणसं खोक्यांवर टकटक करून म्हणायची, "उघडा ना, वाल्मिकभाऊ." नोकरी त्याने सोडली होती. तो पाटी काढायची विनंती करायला आला होता.

कमळाकरने त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. मग त्याला वर आणून मोठ्याने म्हणाला, "मंडळी, हाच तो!"

सगळे जमले. कुणी खांद्यावर हात टाकला, कुणी फोटो काढले. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "एकदा ते म्हणा ना. प्लीज. व्हिडिओतलं."

दीपेश कमळाकरकडे बघत राहिला. ओठ हलले.

"उघडा ना," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. माझ्याकडे त्याने मान वळवली नाही. खाली जाऊन त्याने भिमीच्या वाडीची वाट विचारली आणि निघाला. ती त्याला भेटली की नाही, मला कळलं नाही. पाटी अजून तशीच आहे.

आत्ता माझ्यात एक मुलगी आहे, हेतल. मैत्रिणींनी कौतुकाने कोंडलीय. कडी घातली तेव्हा ती हसत होती. ओरखड्यांवर बोट ठेवून तिने स्वतःचा फोटोही काढला. आता तिचं हसू थांबलंय. ती म्हणतेय, "बास, खरंच बास." बाहेर त्या हसताहेत, कारण इथे सगळे हेच म्हणतात. म्हणायलाच तर येतात.

तिच्या हातांना घाम सुटलाय, तो मला कळतोय. ती तळव्यांनी दार ढकलतेय. मला तोंड आहे, पण ते बाहेरून बंद केलंय. या माडीवर माझं ऐकणारं कुणी असेल, तर खरं की खोटं ते नंतर विचारा. आधी कडी काढा.