राहूकाळात उतरवलेला रिसीव्हर

मी एक जुना टेलिफोन आहे. मूळचा लाल, आता तेही सांगावं लागतं. चेन्नईतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत इडलीचं पीठ वाटायचे ग्राइंडर बनवणारा एक छोटा कारखाना आहे. त्याच्या मागच्या फळीवर मी धूळ खात पडलोय. मित्रांनो, मला इथे कोणी आणि का टाकलं ते सांगतो. शिकलेली माणसं शहाणी असतात असा तुमचा समज असेल, तर तो आधी बाजूला ठेवा.

मालक जयतीर्थराव तंजावरकडचे मराठी. त्यांनी मला आणलं तेव्हा मी नवा कोरा होतो. मी वाजलो की ते हातातलं काम टाकून धावत येत. हॉटेलवाले, लग्नाचे आचारी, सगळ्यांच्या ऑर्डरी माझ्यातूनच आल्या. आयुधपूजेला लेथ मशीनच्या आधी मला गंध लागे. त्यांच्या पत्नी त्रिपुरसुंदरीबाई मला पदराने पुसत आणि घरची लक्ष्मी म्हणत. मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू.

या घराची एकच खोड. राहूकाळ लागला की माझा रिसीव्हर काढून टेबलावर ठेवायचा. त्या दीड तासात नवा सौदा बोलायचा नाही. राहूकाळ रोज निराळ्या वेळी येतो, पण हे बापलेकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की चप्पल काढावी तसा ते रिसीव्हर काढत. जुनी गिऱ्हाइकं वेळ ओळखून होती, तेव्हा कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग २००९ साल आलं. बाजारात स्वस्त ग्राइंडर आले आणि जुनी गिऱ्हाइकं पांगली. जयतीर्थरावांनी मुलाला, विश्वेशला, बजावलं की दिवाळीपर्यंत नवी गिऱ्हाइकं आण, नाहीतर शेड शेजारच्या ग्राइंडरवाल्या राजगोपालला देऊन टाकतो आणि तू तिकडे लांब गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत नोकरी धर. विश्वेशचा जीव या कारखान्यात होता. ग्राइंडरचा एकेक दगड हाताने चाचपून घ्यायचा पोरगा. त्याने आपल्या मित्राला बोलावलं. सिद्धार्थ पुण्याचा, आयटी कंपनीतला, आणि बोलण्यात बृहस्पती.

सिद्धार्थ संध्याकाळी येई. त्याने फेसबुकवर पैसे भरून जाहिरात लावली. खाली माझा नंबर. लोक जाहिरातीवर क्लिक करत, पण खरेदी एकही होईना. मग सुरू झाली सुधारणा. फोटोमागची भिंत निळी केली, मग हिरवी. भरजरी साडीतली मुलगी ग्राइंडरशेजारी उभी केली, जणू पीठ वाटायला बायका शालू नेसतात. शेवटी त्याने आकडे तपासले आणि म्हणाला, क्लिक सगळ्यात जास्त मंगळवारी तीन ते साडेचार, बुधवारी बारा ते दीड, शुक्रवारी साडेदहा ते बारा येतात. सगळा खर्च तेवढ्याच वेळांवर लावू.

मित्रांनो, मी टेबलावरच होतो. ते राहूकाळ होते. शहरातली माणसं त्या वेळात नवं काम काढत नाहीत, मग बसतात कंप्यूटर उघडून. सिद्धार्थला ते ठाऊक नव्हतं, सोडून देऊ. पण पंचांग पाहिल्याशिवाय नवा शर्टही न घालणाऱ्या विश्वेशलाही उमजू नये? त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, बारा वाजता जाहिरात सुरू झाली आणि त्याच हाताने त्याने माझा रिसीव्हर काढून ठेवला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय म्हणायचं?

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा चंद्रमौळी आले. यांच्याकडे बऱ्याच वसतिगृहांच्या जेवणाचं कंत्राट होतं. राजगोपालकडून निघताना ते सहज डोकावले.

"जयतीर्थराव, मोठा धंदा आहे तुमचा. जाहिरात दिसली की फोन लावायचो, दरवेळी एंगेज. मग कामाला लागलो की विसरायचो. म्हटलं, यांना आमची ऑर्डर कशाला हवी? राजगोपालने पहिल्या घंटीला उचलला. सगळे ग्राइंडर त्याच्याकडे सांगितले."

विश्वेशने टेबलावर आडव्या पडलेल्या रिसीव्हरकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. त्याचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, आणि रागही आला.

उपाय सोपा होता. विश्वेश म्हणाला, जाहिरातीच्या वेळा बदलू. सिद्धार्थ म्हणाला, क्लिक निम्मे होतील, रिपोर्ट काय दिसेल? मग विश्वेश वडिलांकडे वळला. "अप्पा, निदान रिसीव्हर जागेवर ठेवू."

"आमच्या ताताच्या, आजोबांच्या काळापासून राहूकाळात सौदा बोललो नाही," जयतीर्थराव म्हणाले. "फोनच जुना झाला. तो बदल."

झालं. तिघांचं एकमत झालं ते माझ्यावर. माझ्या जागी चकचकीत मोबाइल आला आणि मी फळीवर आलो. राहूकाळ लागला की विश्वेश तो मोबाइल बंद करून ठेवी.

दिवाळी झाली. विश्वेश आता पहाटेच्या गाडीने गुम्मिडिपूंडीला जातो.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो की गावभर हाका मारण्याआधी आपला कान उघडा आहे ना, ते बघत जा. पुढच्या महिन्यात राजगोपाल ही शेड ताब्यात घेईल. भिंतीपलीकडे त्याचा फोन आत्ता वाजतोय. शुक्रवार आहे, अकरा वाजलेत, ऐन राहूकाळ. आणि तो उचलतोय.