रिकाम्या नळीतलं रबर

आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी बजावतात. चुंबकाच्या खोलीत किल्ल्या घेऊन जायचं नाही, आणि यंत्रात रिकामी नळी घालायची नाही. पहिलीचं कारण लगेच कळलं, कारण चुंबकाने माझ्यादेखत एकाच्या हातातला जुडगा हिसकावून घेतला. दुसरीचं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "सरांना आवडत नाही." दादा म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना. सरांच्या हाताखाली पीएच.डी. करून डॉक्टर झाला आणि सरांच्याच हाताखाली राहिला.

आम्ही करतो काय तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही माझ्या सासूबाईंसारखं विचाराल की एवढं रबर शिकतेस तर कुकरची रिंग का गळते. टायरच्या रबरात सिलिका घालतात, वाळूच्या जातीची पांढरी पूड. रबराच्या लांबलचक साखळ्या सतत वळवळत असतात, पण सिलिकाच्या कणांना टेकलेल्या काही साखळ्या तिथेच चिकटून बसतात. या चिकटलेल्यांचा टायरच्या ताकदीशी संबंध असतो. आमचं यंत्र रबराचा बारीक तुकडा चुंबकात ठेवतं, त्याला रेडिओ लहरींचा धक्का देतं आणि ऐकत बसतं. हलत्या साखळ्या बराच वेळ उत्तर देत राहतात, चिकटलेल्या लगेच गप्प होतात. लगेच गप्प झालं ते चिकटलेलं रबर, असा हिशोब.

सरांची सगळी कीर्ती या चिकटलेल्या रबरावर उभी. त्यांनी शोधून काढलं होतं की सिलिका चिमूटभर घाला नाहीतर ओंजळभर, चिकटलेलं रबर तेवढंच निघतं. दुसऱ्या कुणाला यात काहीतरी खटकलं असतं. सरांनी त्याला 'सार्वत्रिक थर' असं नाव दिलं. त्या थरावर दादा डॉक्टर झाला, त्याच्या आधीचे झाले, आणि आता माझा प्रबंध तयार होता. एका टायर कारखान्यात माझी नोकरी ठरली होती, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पदवी घेऊन या, नाहीतर येऊच नका.

शेवटचा एक तुकडा मोजायचा राहिला होता. तो चिमट्यात धरला तोच सासूबाईंचा फोन. रिंग, दुसरं काय. मोठी आणायची की लहान यावरून आमचं वाजलं. मी फणफणत नळीला टोपण लावलं आणि ती यंत्रात सोडली. आकडा आला. चिकटलेलं रबर नेहमीइतकंच, सार्वत्रिक थर अगदी जागच्या जागी. हलतं रबर मात्र शून्य. असं कसं म्हणून मागे वळले, तर तुकडा टेबलावर टिपकागदावर पडलेला.

नळी धुतली, पुन्हा घातली. नवीन आणली, तीही घातली. थर काही हलेना. मग यंत्राची माहिती उघडून बसले. नळी जिथे बसते ती आतली बैठक प्लॅस्टिकची, कडक, तीही लगेच गप्प होणारी. म्हणजे आम्ही इतकी वर्षं बैठकीला रबर समजत होतो. पातेल्यासकट दूध तोलायचं आणि सगळं दूधच म्हणायचं, तसला प्रकार. पातेलं वजा केलं, तर माझ्याकडे चिकटलेलं रबर उरलं जेमतेम नखभर.

दादाला दाखवलं. त्याने आधी दार लोटून घेतलं.

"मीही पाहिलंय," तो म्हणाला. "माझा प्रबंध बाइंडिंगला गेला होता तेव्हा."

"मग?"

"मग काय. बांधून आला."

मी सरांकडे गेले. "हे बघ बाळ," सर मायेने म्हणाले, आणि सर मायेने बोलायला लागले की आपण सावध व्हावं. "रिकाम्या नळीत काय असतं?"

"काही नसतं, सर."

"मग जे नाही ते मोजायचं कशाला? यंत्राचा वेळ काय फुकट येतो?"

"पण सर, थर तर तेवढाच आला."

"येणारच. सार्वत्रिक आहे." त्यांनी चष्मा पुसला. "तुझी पदवी त्या थरावर आहे, एवढं लक्षात ठेव."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण मूग गिळून बाहेर आले. पदवी हवी होती हो मला. त्या दिवशी घरी भांडी जरा जोरातच घासली.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. माणूस शांत, चष्मा कपाळावर. अर्धं बोलणं झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नळी रिकामी असताना काय येतं?"

"काही येत नाही," सर म्हणाले. माझ्या वतीने, आणि तेही तोंडात बिस्किट असताना.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नुसती मान हलवली असती तरी डॉक्टर झाले असते. पण ते बिस्किट मला सहन झालं नाही.

"मशीन शेजारच्याच खोलीत आहे," मी म्हणाले. "तुम्हीच घालून बघा ना."

परीक्षकांनी किल्ल्या बाहेर काढून ठेवल्या. नळी उजेडात धरून पाहिली, टोपण लावलं, स्वतःच्या हाताने आत सोडली. आकडा आला. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तो पुन्हा वाचला.

"आमच्याकडेही एवढाच येतो," ते हळूच म्हणाले. त्यांचं यंत्रही त्याच कंपनीचं होतं.

गेली पदवी, असं मी मनात म्हटलं. मग सरांनी घसा खाकरला.

"म्हणून तर मी मुलांना पहिल्या दिवसापासून बजावतो," ते म्हणाले. "रिकामी नळी." काय बजावतो, ते त्यांनी सांगितलं नाही.

परीक्षकांना ते फारच सोयीचं पडलं. चुकीत वाटेकरी होण्यापेक्षा शोधात झालेलं काय वाईट? चहा संपेपर्यंत 'रिकाम्या नळीची पद्धत' सरांच्या नावावर लागली, तिच्यावर दोघांनी मिळून शोधनिबंध लिहायचं ठरलं, आणि त्या पद्धतीने तयार झालेली पहिली विद्यार्थिनी म्हणून माझ्या कागदांवर सह्या झाल्या. थर वजा करून प्रबंध दुरुस्त करून द्यायचा, एवढीच अट. माझं नाव आभारात येईल, असं सरांनी मायेने सांगितलं. संताप आला, रडूही आलं, पण पदवी मिळाली ती मिळालीच.

दादा चहाला आला नव्हता. पर्स घ्यायला गेले तर तो यंत्रासमोर बसलेला, हातात त्याच्या प्रबंधाच्या वेळचा जपून ठेवलेला तुकडा. मोजून झालं होतं, आता तो पातेलं वजा करत होता.

"किती उरलं रे?" मी विचारलं.

त्याने पडदा माझ्याकडून थोडा वळवून घेतला.

"तुझं नखभर तरी उरलं," तो म्हणाला.