तळघरातला गॅस

"बाबा, थांबा! आधी हवेचा ब्लोअर लावू द्या."

तोवर बाबा तळघराच्या निम्म्या पायऱ्या उतरलेही होते. फुलांच्या दुकानाखालची थंड खोली सकाळपासून गार होत नव्हती आणि वर फुलवाली डोक्याला हात लावून बसली होती.

"उभा जन्म गेला माझा फ्रीजच्या या गॅसमध्ये," बाबा खालून म्हणाले. "वास नाही, रंग नाही. गरीब बिचारा आहे."

"गरीब आहे, पण जड आहे. गळला की तळाला साचतो, हवेला हुसकून लावतो. वर या बघू."

बाबा नुसते हसले. स्वतःची नोकरी सुटल्यावर लेक त्यांच्या या दुरुस्तीच्या धंद्यात आली, रीतसर शिकली, तरी गिऱ्हाइकांना ते सांगत, "मदतीला आलीय." तिला ते लागायचं. बोलली मात्र कधी नव्हती.

ती वायर खोचत होती, तेवढ्यात खालून जड आवाज आला, "अगं, जरा गरगरतंय. टेकतो थोडा."

तिला धावत उतरावंसं वाटलं. पण आपणही खाली गेलो तर दोघंही तिथेच राहू, हे तिला ठाऊक होतं. ब्लोअर सुरू करून तिने त्याची नळी जिन्यात सोडली आणि ओरडली, "बसू नका! बाबा, अजिबात बसायचं नाही! कठडा धरा. माझ्याकडे बघा."

"रागावू... नको ना."

"रागावणारच! चढा. हं, आणखी एक. अजून एक."

हात टप्प्यात येताच तिने आणि फुलवालीने त्यांना दंडाला धरून वर ओढलं, थेट रस्त्यावर आणलं. उघड्या हवेत हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. शेजारच्या डॉक्टरांनी तपासलं, "आज फक्त आराम," म्हणून बजावलं.

तळघरात पुरेशी हवा खेळली, प्राणवायू मोजणाऱ्या मीटरने खात्री पटली, तेव्हाच लेक उतरली. मशीनच्या गॅसनळीचा झिजलेला सांधा बदलला, पुन्हा कुठे गळत नाही ना ते पाहिलं, मग गॅस भरला. मशीन घरघरलं. फुलवाली लगबगीने फुलांच्या बादल्या खाली नेऊ लागली.

लेक वर आली तेव्हा दारात खुर्चीवर बसलेल्या बाबांचा फोन वाजत होता. कुणाचा तरी फ्रीज बंद पडला होता. बाबांनी ऐकून घेतलं, सवयीने "येतो" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले.

"एक मिनिट हं," ते म्हणाले, "मिस्त्रींना देतो."

तिचे हात तेलाने माखलेले होते. म्हणून त्यांनीच उठून फोन तिच्या कानाशी धरला, तिचं बोलणं संपेपर्यंत.