बर्फावर खेळणारा नातू

“अरे, भात तरी खा,” लाडकुंवरबाई म्हणाल्या, आणि नातवाने ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं. रागाने नाही, अगदी हळू. मग तो उठला आणि पंख्याखाली जाऊन बसला.

“त्याला विचार, पोराला हवंय तरी काय,” इंदरचंद बायकोला म्हणाले. ‘त्याला’ म्हणजे समोरच जेवत असलेल्या मुलाला, रूपचंदला.

“हे विचारतात, पोराला काय हवंय,” लाडकुंवरबाईंनी निरोप पोचवला.

“काही नको असेल,” रूपचंद ताटाकडे बघत म्हणाला.

घरात असं बोलणं चाललं होतं. रूपचंद कॅनडात शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि तिथल्याच एका नर्सशी त्याने लग्न केलं. त्या दिवसापासून इंदरचंदांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आरडाओरडा केला नाही, की घरात पाऊल टाकू नकोस असंही म्हणाले नाहीत. नुसते गप्प झाले. आता इतक्या वर्षांनी तो मुलाला घेऊन जळगावला आला होता. बायकोला रजा मिळाली नव्हती. मुलाचं नाव त्याने नवल ठेवलं होतं. इंदरचंदांच्या वडिलांचं नाव नवलचंद. हे इंदरचंदांना नातू उंबऱ्यात उभा राहिला तेव्हा कळलं, आणि तेव्हाही ते काही बोलले नाहीत.

जून संपत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. इंदरचंदांचा बर्फाचा कारखाना रात्रंदिवस चालत होता. जैनाला बर्फ वर्ज्य. लाडकुंवरबाईंनी जन्मात त्याचा खडा जिभेवर ठेवला नव्हता, पण घर चालत होतं ते बर्फावरच. त्यामुळे रूपचंदने सांगितलेली गोष्ट त्यांना काही केल्या पटेना.

“बर्फावर खेळतात? घसरत नाहीत?”

“घसरायचंच असतं, बाई,” रूपचंद म्हणाला. आईला तो लहानपणापासून बाई म्हणायचा. “बुटांना खाली पाती असतात. हातात हॉकीची काठी. चेंडू नसतो, रबराची चकती असते. नवल गोलकीपर होता. फेब्रुवारीत मुलांची मोठी स्पर्धा झाली. अमेरिका, युरोप, कुठून कुठून संघ आले होते. हजारो माणसं बघायला.”

“मग?”

“मग शेवटच्या मिनिटाला एक चकती आली. हळू, कोणीही अडवावी अशी. ती याच्या पायांमधून आत गेली. हरले.”

लाडकुंवरबाईंनी पंख्याखालच्या पाठमोऱ्या पोराकडे पाहिलं. “तू काय म्हणालास त्याला?”

“काहीच नाही. मी त्याला एक शब्द बोललो नाही. दुसरे बाप केवढे ओरडत होते पोरांवर. मी घरापर्यंत गाडी चालवली, गप्प.”

“आणि नंतर?”

“नंतर बोलण्यासारखं काय होतं? त्याने खेळच सोडला. आता कशातच लक्ष नाही त्याचं. शाळेतही नाही.”

इंदरचंद हात धुवायला उठले होते, ते मोरीपाशीच थांबले. ‘मी त्याला एक शब्द बोललो नाही.’ हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. बाजारात, जैन स्थानकात, सोयऱ्यांच्या बैठकीत रूपचंदचा विषय निघाला की ते हेच म्हणत, आणि लोक म्हणत, इंदरचंद मोठ्या मनाचा माणूस. आज तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि त्यांनी हात न धुताच तांब्या खाली ठेवला.

सकाळी ते नवलला घेऊन कारखान्यात गेले. नातवाला मराठी येत नव्हती, मारवाडीही नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हती.

सोनगीरचा वना यंत्रावर होता. साखळीच्या कप्पीने त्याने पत्र्याचा लांबट डबा मिठाच्या पाण्यातून वर घेतला, साध्या पाण्यात बुडवला आणि आडवा केला. आतली बर्फाची लादी सुळकन बाहेर सरकली आणि ओल्या फरशीवरून थेट नवलच्या पायांपर्यंत आली. पोराने वाकून दोन्ही तळहात तिच्यावर टेकले. बराच वेळ उचलले नाहीत.

“हाऊ रूपूभाऊना पोऱ्या शे का?” वनाने विचारलं.

“हां. तिकडे बर्फावर खेळस तो.”

वनाला गंमत वाटली. लादीचा फुटका तुकडा त्याने पायाने नवलकडे ढकलला. नवलने तो पायाने अडवला. वनाने दुसरा ढकलला. मग पोराने कोपऱ्यातला खराटा उचलला, दोन पोत्यांच्या मधोमध जाऊन गुडघ्यांत वाकून उभा राहिला, आणि त्याचे डोळे एकदम निराळे झाले. तुकडे येत गेले, तो अडवत गेला. हमाल काम टाकून बघत उभे राहिले.

“आते तुम्ही मारा, भाऊ,” वना म्हणाला. “मना पाय गार व्हई गयात.”

इंदरचंदांनी धोतराचा सोगा खोचला आणि एक तुकडा ढकलला. त्यांच्या पायात जोर तो किती असणार. तुकडा डुलत डुलत गेला आणि नवलच्या पायांमधून पलीकडे भिंतीला लागला.

कोणीतरी हसलं. नवल हसला नाही. तो होता तिथेच ताठ झाला. खराटा हातातच होता, आणि तो आजोबांच्या तोंडाकडे बघत होता. आता हा माणूस काय करतो, एवढंच बघत होता.

इंदरचंदांना काहीतरी बोलायचं होतं आणि त्या पोराला कळेल असा एकही शब्द त्यांच्याजवळ नव्हता. ते चालत भिंतीपर्यंत गेले, तोच तुकडा उचलला, परत जागेवर आले. “अजून एक,” ते मराठीतच म्हणाले, आणि पुन्हा ढकलला.

नवलने तो अडवला, आणि त्याचे दात दिसले.

“भाऊ, दखा, पोऱ्या हासना,” वना म्हणाला.

दुपारी नवल तीन पोळ्या जेवला. इंदरचंदांनी पानावरून मान वर केली.

“रूप.”

लाडकुंवरबाईंच्या हातातली पळी वाटीवर तशीच राहिली.

“पोराशी बोल,” इंदरचंद म्हणाले. “त्या दिवसाचं बोल. गप्प राहिलं की आपल्याला वाटतं, आपण सोसलं. सोसतो दुसराच.” त्यांना आणखीही म्हणायचं होतं. ते पाणी प्यायले. “कारखान्यात घेऊन जा. तिथे त्याला बरं वाटतं.”

“हो, बाबूजी,” रूपचंद म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

संध्याकाळी बापलेक कारखान्यात गेले. इंदरचंद मागून पोचले तेव्हा लादीघराचं दार लोटलेलं होतं. फटीतून त्यांना दिसलं, रूपचंद भिजल्या फरशीवरच बसला होता, पँटसकट, आणि इंग्रजीत सावकाश काही सांगत होता. नवल त्याच्यापुढे खराटा घेऊन उभा होता. बोलता बोलता रूपचंदने चष्मा काढला. पोराने खराटा खाली ठेवला आणि तो त्याच्या शेजारी बसला.

एक अक्षरही न कळता इंदरचंदांनी ते थोडं ऐकलं. मग दार ओढून घेतलं.

बाहेर सरबतवाले, कुल्फीवाले हातगाड्या लावून ताटकळले होते. ऊन उतरलं होतं तरी रस्ता तापलेलाच होता.

“शेठ, लादी कव्हय भेटी?” झिपरू सरबतवाल्याने विचारलं. “गिऱ्हाईक उभं शे.”

“भेटी,” इंदरचंद म्हणाले. “जरा थांब.”

आणि दाराला पाठ लावून ते तिथेच उभे राहिले. दाराच्या फटीतून आलेला गारवा त्यांच्या सदऱ्यातून पाठीला लागत होता.