तळेगावच्या घाटातला टर्बो

रूपराव मिस्त्रीचं गॅरेज देवळीहून वर्ध्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आहे. पाना-पेचकसाची कामं गावात दहा जण करत, पण गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप लावून टर्बोचा दाब बसवून देणारा तो एकटाच. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, तर ताकद जास्त. पण कोंबण्याला हद्द असते आणि ती कॉम्प्युटरमध्ये लिहिलेली असते. दाब त्या हद्दीपुढे गेला की कॉम्प्युटर डिझेल तोडतो आणि गाडी रडत रडत चालते.

हे काम एकट्याचं नाही. एकानं मालानं भरलेली गाडी चालवायची, दुसऱ्यानं शेजारी बसून पडद्यावरचे दाबाचे आकडे वाचायचे. रूपरावच्या शेजारी त्याची बायको अन्नपूर्णा बसायची. सातवी शिकलेली बाई, पदर खोचून मांडीवर लॅपटॉप घ्यायची आणि इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून ओरडायची, "एक... एक पॉइंट एक... एक पॉइंट दोन... बस करा!" तिनं बस म्हटलं की त्याचा पाय आपोआप उचलला जायचा. आधी दाब कमी ठेवायचा, चालवून पाहायचं, किंचित वाढवायचा, पुन्हा चालवायचं. एका गाडीला दोन दिवस जात.

"लोक म्हणतेत, मिस्त्रीण रोज नवीन गाडीत फिरते," ती हसून सांगायची.

फाल्गुनात तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्यानंतर रूपरावनं गाडी रस्त्यावर चालवून पाहणं सोडलं. ती जागा रिकामी बघवत नव्हती आणि तिथं दुसरं कुणी बसलेलं चालत नव्हतं. एका गाडीवर बसवलेले आकडे तो तसेच्या तसे तसल्याच दुसऱ्या गाडीत टाकू लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आता नजरेनं समजते मले."

दिवाळीनंतर त्याचा साळा, अन्नपूर्णाचा भाऊ मोतीलाल, आपली पिकअप घेऊन आला. तो अल्लीपूरचा. तिकडून भाजी भरून अमरावतीला न्यायचा. रूपरावनं दुसऱ्या एका पिकअपचे आकडे तीत टाकले आणि तासाभरात गाडी परत दिली. चौथ्या दिवशी मोतीलालचा फोन आला.

"भाऊजी, गाडीनं तळेगावच्या घाटात दम सोडला. मागचे ट्रकवाले शिव्या देऊन राह्यले होते."

"आणजो उद्या."

दुसऱ्या दिवशी मोतीलालचा ड्रायव्हर अमर गाडी घेऊन आला. नऊ वर्षांपासून तो मोतीलालकडे होता. मागं कांद्याची पोती भरलेली होती.

"काका, भरलेलीच आणली," तो म्हणाला. "पुलगावकडं एक चक्कर मारून पाह्यता का? मी बाजूले बसतो, आकडे वाचतो. मले येते वाचता."

रूपराव खेकसला, "गरज नाई. तीस वर्षं झाली मले या कामात."

गाडी दम का सोडते हे चालवल्याशिवाय कळणार नव्हतं. दाब सोडणारी झडप अडकत असेल, नाहीतर दुसऱ्या गाडीचे आकडे हिला झेपत नसतील. रूपरावला हे ठाऊक होतं. तरी त्यानं दाब कमी केला नाही. त्यानं हद्दच वर नेली. एक पूर्णांक चार होती, ती दोन केली. म्हणजे कॉम्प्युटर आता डिझेल तोडणार नव्हता. दहा मिनिटांत काम झालं.

आठ दिवसांनी पिकअप दोराला बांधून आली. घाटात टर्बोचा पंखा तुटला होता आणि त्याचे तुकडे इंजिनात गेले होते. मोतीलाल आणि अमर दोघंही सोबत होते. रूपरावनं लॅपटॉप लावला. सगळ्यात वर गेलेला दाब पडद्यावर आला, एक पूर्णांक नऊ. त्यानं झाकण मिटलं.

"काय झालं, भाऊजी?" मोतीलालनं विचारलं.

रूपरावनं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "गरम गाडी एकदम बंद केली का टर्बोले ऑइल भेटत नाई. कोरडा फिरते अन् तुटते. ड्रायव्हरनं ध्यान ठेवा लागते."

"मी दोन मिनिटं चालू ठेवूनच बंद करतो," अमर म्हणाला. "पिकअपच्या स्टँडवर सारे हासतेत मले त्यापायी."

"मंग भाऊजी खोटं बोलून राह्यले का बे?" मोतीलालचा आवाज चढला. बाहेर पंक्चरवाला, पानठेलेवाला, दोन गिऱ्हाइकं, सगळ्यांनी माना वळवल्या. "तुह्या मस्तीत माही गाडी गेली! चाबी ठेव इथं. उद्यापासून दिसू नको मले."

अमरनं चावी टेबलावर ठेवली. खाली मान घालून तो जरा वेळ उभा राहिला, बहुतेक मिस्त्री काही बोलेल म्हणून. रूपराव हात पुसत राहिला. हात कधीचे कोरडे झाले होते.

पुढच्या आठवड्यात अल्लीपूरचा एक गाडीवाला ऑइल बदलायला आला. "तो अमर नाई का, त्याचं नाव टर्बोखाऊ ठेवलं आमी," तो हसत म्हणाला. "कोणी गाडी देत नाई त्याले. सकाळपासून स्टँडवर बाकड्यावर बसून राह्यते बिचारा."

रूपरावही त्याच्याबरोबर हसला. गिऱ्हाईक गेल्यावर स्वतःचं ते हसणं त्याच्या कानात राहिलं. अन्नपूर्णा असती तर ही वेळच आली नसती, असं त्याच्या मनात आलं. त्याचीही त्याला लाज वाटली. मेलेल्या बायकोच्या आड तो लपत होता. शेजारी बसायला माणूस तयार होता. त्यानंच त्याला हाकललं होतं.

रविवारी सकाळी तो बसनं अल्लीपूरला गेला. मोतीलालनं बायकोला चहा टाकायला सांगितलं. चहा यायच्या आत रूपरावनं सगळं सांगून टाकलं. चालवून पाहिलं नाही, हद्द वाढवली, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि खोटं बोललो. टर्बो आणि इंजिन मी बसवून देतो, हेही बोलला.



"ताई होती तोवर तुमचं काम मी कधी तपासलं नाई," मोतीलाल म्हणाला. "ती गेल्यावरबी नाई तपासलं. तुमच्या शब्दावर मी नऊ वर्षं राबलेल्या माणसाले चार लोकाईत हाकललं. आता मले घरात सांगून काय फायदा? स्टँडवर चला."

चहा आला, पण कुणी घेतला नाही.

स्टँडवर सात-आठ पिकअप उभ्या होत्या. अमर बाकड्यावर होता. मोतीलालला पाहून तो उठला. मोतीलाल म्हणाला, "बस. भाऊजींले काही सांगायचं आहे."

रूपरावनं सांगितलं. आवाज बारीक निघाला, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, जोरात! इकडं ऐकू नाई येत." त्यानं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

"म्हणजे टर्बो मिस्त्रीनं खाल्ला," एकजण म्हणाला. कुणी हसलं नाही. दुसऱ्यानं आपल्या गाडीकडे पाहिलं. "माह्यावालीतबी तुम्हीच आकडे टाकले न, उन्हाळ्यात? चालवून पाह्यली होती का?"

"नाई."

"मंग काढा ते. पह्यले होते तसे करून द्या."

"त्या दिवशी मी तुमच्यासमोर उभा होतो, काका," अमर म्हणाला. "तवा काऊन नाई बोलले?"



"तुह्यावर टाकणं सोपं होतं," रूपराव म्हणाला. "तुह्यं कोणी ऐकलं नसतं."

"हो," अमर म्हणाला. "नाई ऐकलं."

मोतीलालनं अमरला गाडी दुरुस्त झाली की ये म्हटलं. अमर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. विचार करून सांगतो म्हणाला आणि परत बाकड्यावर बसला.

वर्ध्याच्या बसला अजून अर्धा तास होता. बाकड्यावर जागा होती. रूपराव उन्हात उभा राहिला.